मास्तरांची सावड

कासार आंबोलीत भाताला विळे लागले की माझं बूड खुर्चीत टिकत नाही. दिवाळीचा आकाशकंदील उतरवून झालेला असतो, सकाळी अंगावर शाल लागते आणि दहा वाजेपर्यंत ती नकोशी होते, आणि खिडकीतून कापलेल्या इंद्रायणी भाताचा वास आत येतो. ओल्या पेंढ्याचा, जरासा गोडूस वास. माझ्या टेबलापासून सगुणामावशीचं खाचर पन्नास पावलांवर आहे. मी स्क्रीनवर एक ओळ वाचते, उठते, खिडकीशी जाते, पाणी पिते, परत येऊन तीच ओळ वाचते. या वर्षी तर फारच झालं, कारण शुक्रवारपर्यंत मला एका मेलला उत्तर द्यायचं होतं आणि ती मेल मी एकदाच वाचून बंद करून टाकली होती.

मी मूळची गंगाखेडची. नोकरी हिंजवडीत, आठवड्यातले दोन दिवस कंपनीच्या गाडीतून तिकडे आणि तीन दिवस घरून. हिंजवडीत मी विसाव्या मजल्यावर राहून पाहिलं, जमलं नाही. मग इथे सगुणामावशीच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सगुणामावशी साठीच्या पुढची, चार खाचरं स्वतः कसणारी, बोलायला सडेतोड बाई. लग्न माझं झालं होतं आणि मोडलं, त्याबद्दल इथे काही लिहायचं नाहीये.

लिहायचंय ते गेल्या कार्तिकाबद्दल. आई गेल्यावर अण्णा, म्हणजे माझे वडील, गणपतीच्या आधी माझ्याकडे राहायला आले. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. सामान म्हणाल तर एक पिशवी कपड्यांची आणि एक पत्र्याची पेटी शब्दकोशांची. त्यातल्या इंग्रजी शब्दकोशाची पाठ निघालेली, म्हणून तो आईच्या जुन्या साडीच्या काठाने बांधलेला. पहिले दोन महिने ते या दोन खोल्यांत पाहुण्यासारखे वागले. चहा झाला की कप विसळून ठेवायचे, पेपर वाचून घडी घालायचे, आणि दुपारी दाराशी उभे राहून लवासाकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज ऐकायचे. "मी निघतो आता" असं दर चार दिवसांनी म्हणायचे. मी म्हणायचे, थांबा हो, कुठे निघालात, थंडी तरी पडू द्या. अस्वस्थपणा आमच्याकडे वंशपरंपरेने आलेला आहे. फक्त ते दाराशी उभे राहतात आणि मी खिडकीशी.

एका दुपारी मी एक लांबलचक कागद वाचत बसले होते. हात गालावर, नजर स्क्रीनवर. अण्णा मागून आले आणि माझ्या नावापुढच्या पिवळ्या ठिपक्याकडे बोट दाखवून विचारलं, हे काय. मी म्हटलं, ते 'अवे'. माणूस जागेवर नाही असं ऑफिसातल्या सगळ्यांना दिसतं. पाच मिनिटं माउस हलला नाही की हिरव्याचा पिवळा होतो.

"पण तू तर इथंच बसलीयेस की गं वसू," अण्णा म्हणाले.

हेच माझ्या साहेबाला कसं सांगणार? त्या काळात तो ठिपक्यांवर डोळा ठेवून असे. पिवळं दिसलं की दोन मिनिटांत निरोप यायचा, सगळं ठीक ना. अण्णांनी पुढे होऊन माउस एक वीतभर सरकवला, ठिपका हिरवा झाला, आणि शाळेतल्या प्रयोगासारखा तो खेळ त्यांनी तीनदा करून पाहिला. संध्याकाळी साडीच्या काठाची गाठ सुटली. अण्णांनी वही काढली, वर 'अवे, क्रियाविशेषण' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

त्यांचं म्हणणं असं की क्रियाविशेषणं ही भाषेतली सगळ्यात उपेक्षित मंडळी. नामाला घर असतं, विभक्ती असते, मागेपुढे माणसं असतात. क्रियाविशेषण म्हणजे एकेकाळी हे सगळं असलेला आणि आता एकटा उरलेला शब्द. 'अवे'चंही तसंच निघालं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा एक शब्दच नव्हता, दोन होते: 'ऑन वेग'. म्हणजे वाटेवर. पुढे 'ऑन' झिजून नुसता 'अ' राहिला, दोघं चिकटले, आणि वाटेवर असलेल्या माणसाला लोक इथे नसलेला म्हणू लागले. अण्णा हे सांगताना वरणात भात कालवायचे विसरले होते. म्हणाले, "बघ, गेलेला माणूस पूर्वी निदान वाटेवर असायचा."

मग त्यांना चेव चढला. त्या 'वेग'च्या मागे जाता जाता ते थेट आपल्या 'वह्' धातूपाशी पोचले. वाहून नेणारा तो वह्. लॅटिनमधून आलेलं 'व्हेइकल' त्याचंच, इंग्रजीतली वॅगन त्याचीच, आणि वजन करणारा 'वे' सुद्धा, कारण ओझं उचलल्याशिवाय वजन कळत नाही. आपल्याकडे पाणी वाहतं, ओझं वाहतो, देवाला फूल वाहतो, ते सगळं एकाच घराण्यातलं. तुझी कंपनीची गाडी आणि हा पिवळा ठिपका चुलत भावंडं आहेत म्हणाले. विवाहातही हाच वह् आहे, मुलीला वाहून नेणारा. ते सांगताना मात्र त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि चहाचा कप उचलला.

दोन दिवस त्यांनी 'वाट' शब्दही याच घरात घातला होता. तिसऱ्या दिवशी कळलं की चुकलं. वाट येते ती 'वर्त्मन्' मधून, वळणाऱ्या 'वृत्' धातूची ती लेक. तिचा इंग्रजीतला भाऊ 'होमवर्ड'च्या शेपटात बसलेला आहे, घराच्या दिशेने वळलेला. अण्णांनी स्वतःवर चिडून अख्खं पान आडवं खोडलं. खोडलेलं पान फाडायचं नाही, हा त्यांचा शाळेपासूनचा नियम.

याच सुमारास बाहेर कापणी सुरू झाली आणि अण्णांना सावड कळली. आमच्याकडे मराठवाड्यात ज्वारीला मजूर लावतात. इथे भाताला अजून काही घरं सावड करतात. आज सगळ्यांनी सगुणामावशीच्या खाचरात उतरायचं, उद्या सगुणामावशीने त्यांच्यापैकी एकाच्या. पैसा कुणी द्यायचा नाही, माणसामागे माणूस आणि दिवसामागे दिवस. अण्णा बांधावर बसून कोण कुणाकडे गेलं ते बघायचे. त्यांना त्याचं फार कौतुक वाटलं. घरी येऊन मला म्हणाले, आपणही सावड करू. तुझ्या जागी मी बसतो.

नाटक म्हणून सुरू झालेलं ते माझ्या सोयीचं ठरलं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी खांद्याच्या व्यायामासाठी कोथरूडला जाते असं मी अण्णांना सांगितलं होतं. दुपारी आमची अमेरिका झोपलेली असते, कामाचं कुणी विचारत नाही, फक्त ठिपका हिरवा हवा. लॅपटॉपची पिन म्हणजे आईच्या जन्माचं साल, तेव्हा अण्णांना सांगायची गरजच नव्हती. ते डाव्या हाताने माउस हलवत आणि उजव्या हाताने वही लिहीत. ही फसवणूक आहे हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. शाळेत हजेरी लावल्याशिवाय कधी घरी न गेलेले अण्णा माझी खोटी हजेरी लावताना गालात हसायचे.

खांद्याला काहीही झालेलं नव्हतं. मी जर्मन शिकायला जात होते. म्युनिकच्या एका कंपनीत जागा निघायची होती, भाषेची परीक्षा आधी द्यावी लागणार होती. चाळीस ओलांडल्यावर तिथे कॉलेजातल्या पोरींबरोबर बसून मी 'मी सफरचंद खाते' म्हणत होते. अण्णांना सांगायचं होतं, रोज सांगायचं होतं. पण आई जाऊन वर्ष झालेलं नव्हतं, त्यांना गंगाखेडहून उठवून मीच आणलं होतं, आणि आता मीच निघाले हे कुठल्या तोंडाने सांगणार? परीक्षा होऊ दे, मग मुलाखत होऊ दे, मग बघू, असं करत मी पुढे ढकलत राहिले. रोज संध्याकाळी अण्णा विचारायचे, खांदा कसा आहे. मी म्हणायचे, बराय.

वर्गात बसल्या बसल्या मी फोनवर माझाच ठिपका बघायचे. नुसतं बघून त्याचा रंग बदलत नाही हे तपासून घेतलं होतं. आधी साहेबाच्या भीतीने बघायचे. मग लक्षात आलं की मी अण्णांना बघतेय. हिरवा आहे म्हणजे अण्णा टेबलाशी आहेत, बरे आहेत. सहा मिनिटं पिवळा म्हणजे चहा टाकायला उठले. एकदा वीस मिनिटं पिवळा राहिला तेव्हा मी वर्ग सोडून जिन्यात आले आणि सगुणामावशीला फोन लावला. अण्णा बांधावर कुणाला तरी वर्त्मन् समजावून सांगत होते. त्या दिवसापासून मी तो ठिपका जीव लावून बघू लागले. जगात कुणी आपल्या बापाची खुशाली अशी बघत नसेल.

तो शुक्रवार मला लख्ख आठवतो. ठिपका दुपारभर हिरवा होता, एकदासुद्धा पिवळा झाला नाही. मी खुशीत होते, येताना पिरंगुटला उतरून अण्णांना आवडतात म्हणून गरम भजी घेतली. दार लोटलं तर माझ्या खुर्चीत सगुणामावशी बसलेली. डोक्याला फडकं, केसांत भाताचं तूस, आणि पिल्लावर ठेवावा तसा माउसवर ठेवलेला हात. नजर स्क्रीनवरून हलत नव्हती.

"मास्तर गावाला गेले," ती म्हणाली. "मला म्हनले, सगुणाबाई, एक दुपार हितं बसा. मी म्हनलं, कापनी टाकून? तर म्हनले, सावड समजा, तुमच्या खाचरात माझा एक दिवस लागू."

पिरंगुटवरून एसटीने पुण्याला आणि पुढे रात्रीच्या गाडीने गंगाखेड. गुडघे धरलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू, फोन वापरत नाहीत. मी सगुणामावशीवर ओरडले. तुम्ही त्यांना जाऊ कसं दिलंत, मला एक फोन करता आला नाही का, असं बरंच काही बोलले. ती शांतपणे उठली.

"येतो म्हनले की. जातो म्हनले असते तर म्या सोडलं असतं व्हय?"

वही टेबलावर होती. त्यांनी ती मुद्दाम ठेवली की विसरली, हे मला आजही ठरवता येत नाही. शेवटच्या पानावर वह्पासून अवेपर्यंतची शिडी काढलेली होती, संस्कृत वर, इंग्रजी खाली, आणि मधल्या एका पायरीवर इतके दिवस प्रश्नचिन्ह होतं कारण अण्णांकडे जर्मन शब्दकोश नव्हता. आता तिथे स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: जर्मन भाषेत 'वेऽक' म्हणजे वाट, आणि तोच आखूड म्हटला की 'दूर, निघून'. ओळीच्या शेवटी, त्यांच्या सवयीप्रमाणे, आधार दिलेला होता. अण्णांना आधार दिल्याशिवाय ओळ लिहिता येत नसे. लिहिलं होतं: वसूच्या पुस्तकातून, पान एकोणतीस.

लाल पेन शोधायला त्यांनी माझा खण उघडला असणार. तिथे पुस्तक होतं, त्यावर माझं नाव, आत परीक्षेचं प्रवेशपत्र. एकोणतिसाव्या पानावर मी पेन्सिलीने वाक्य लिहिलेलं होतं, सरावासाठी: मी पुढच्या वर्षी दूर जाणार आहे. ते त्यांना वाचता आलं की नाही, कोण जाणे. शब्द शब्द लावत गेले असतील तर आलं असणार.

मला राग आला. सगुणामावशीचा आला, अण्णांचा आला, स्वतःचा यायला दोन दिवस लागले. भजी मी बाहेर कुत्र्याला घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभावाचा फोन आला, अण्णा पोचले. फोनवर अण्णा म्हणाले, घराला फार दिवस कुलूप बरं नव्हे. मी म्हटलं, हो. ते म्हणाले, खांदा जप. मी म्हटलं, हो. यापलीकडे आम्ही त्या विषयावर एक शब्द बोललो नाही, ना तेव्हा, ना पुढे वर्षभर. मी दोनदा गंगाखेडला जाऊन आले. आम्ही गोदावरीच्या पाण्याबद्दल बोललो, मोतीबिंदू काढला त्याबद्दल बोललो. ते माझ्या वाटेतून बाजूला झाले होते, हे दोघांना ठाऊक होतं, आणि त्यांनी तसं व्हावं असं मला वाटलं होतं का, हे मी स्वतःला विचारायला घाबरत होते.

परीक्षा मी त्यानंतर सोडूनच दिली होती. मग उन्हाळ्यात, कुणी विचारलं तर सांगता येणार नाही अशा कारणाने, पुन्हा पुस्तक काढलं आणि पास झाले. मुलाखत झाली. या दिवाळीच्या पाडव्यानंतर मेल आली: जागा तुमची आहे, शुक्रवारपर्यंत कळवा.

रविवारी सगुणामावशी दारात आली. हातात काकडी होती, ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बुधवारी कापनी हाय. मास्तरांची एक सावड राहिलीया. ते येनार, का तुमी?"

मी हसले. ती हसली नाही, तिला खरंच माणूस हवं होतं. मी येते म्हटलं. सोमवारी चुलतभावाच्या फोनवर अण्णांना गंमत म्हणून सांगितलं, तुमची उधारी फेडायला मी बुधवारी खाचरात उतरतेय. मेलचं तेव्हाही सांगितलं नाही. अण्णा नुसतं "बरं" म्हणाले आणि कोणती खाचरं, घरामागची की ओढ्याकडची, एवढं विचारलं.

बुधवारी रजा टाकता आली असती. टाकली नाही. का, ते नीट सांगता येणार नाही. वर्षभर मी त्या ठिपक्याला भिऊन होते आणि एक दिवस तो होऊ दे पिवळा, असं वाटलं. लॅपटॉप टेबलावर उघडा ठेवला, दाराला कुलूप घातलं, किल्ली नेहमीसारखी मीटरच्या पेटीमागे ठेवली आणि सगुणामावशीच्या सुनेची जुनी साडी नेसून उतरले. पहिल्या अर्ध्या तासात कळलं की विळा धरता येत नाही. माझ्या डाव्या बाजूला सगुणामावशी, उजव्या बाजूला वाडीतल्या दोघी. त्या पुढे निघून गेल्या आणि माझी ओळ मागे उभीच. मूठ भरली की विळा निसटायचा, विळा लागला की मूठ सुटायची. कमरेतून कळा येत होत्या. गंमत म्हणजे ज्या खांद्याबद्दल मी दोन-तीन महिने खोटं बोलले, तोच खांदा आता खरंच भरून आला.

दुपारी भाकरीला बसलो तेव्हा फोन पाहिला. ठिपका पिवळा होता, साहेबाचे दोन निरोप होते. बघवेना म्हणून फोन कमरेला खोचून टाकला. पुन्हा उतरलो. ऊन पाठीवर आलं. मी कापता कापता अण्णांना काय सांगायचं ते मनात जुळवत होते. अण्णा, मला जागा मिळाली. अण्णा, मला जायचंय. जायचंय की नाही, हे त्या दोन वाक्यांच्या मध्ये अडकलेलं होतं, आणि ते अण्णांसमोर बसल्याशिवाय सुटणार नाही हे मला वाकल्या वाकल्या समजलं. फोनवर हे बोलता यायचं नाही. उद्याच्या पहाटे निघून गंगाखेड गाठायचं आणि तोंडाने सांगायचं, असं मी ठरवलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा जरा हलकं वाटलं.

पाणी प्यायला उभी राहिले तेव्हा सवयीने फोन काढला. ठिपका हिरवा होता.

मी डोळे पुसले, घामाने असेल म्हणून. हिरवाच होता. मी घराकडे बघितलं. इथून फक्त मागची खिडकी दिसते, आणि तिचं एक दार, जे मी सकाळी लावून आले होते, ते उघडं होतं. रात्रीची गाडी, मग एसटी, मग पिरंगुटवरून रिक्षा, तसल्या गुडघ्यांवर.

सगुणामावशीने मागे वळून पाहिलं, काय झालं म्हणून. मी म्हटलं, अण्णा आलेत. तिने कसं कळलं ते विचारलं नाही. तिने माझ्या हातातल्या फोनकडे, मग खिडकीकडे पाहिलं, आणि माझ्या पुढ्यात उभ्या असलेल्या भाताकडे.

"मग एवढी वळ काढून जावा," ती म्हणाली. "मास्तरांची हाय, अर्धी टाकून जायाचं न्हाई. सांगायचं ते तवर नीट जुळवा."

मी विळा उचलला. खिडकीत कुणी उभं राहिलं नाही. अण्णा माउस सोडून उठले असते तर ठिपका पिवळा झाला असता. मी दर चार मुठींनी फोन बघत होते आणि तो हिरवाच राहिला, ओळ संपेपर्यंत.